ताल कुणाच्या रक्तात नसतो

वाचकहो, 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द आपल्या वस्त्यांना नवा नाही. भीमजयंतीच्या दिवसांत चौकात मंडप पडतो, फलकावर 'भीमगीतांचा बहारदार ऑर्केस्ट्रा' असे लिहिलेले असते आणि ढोलकी, बेंजो, ऑक्टोपॅड यांच्या साथीने रात्र रंगते. पण ज्या पाश्चात्त्य वाद्यवृंदावरून हा शब्द आपल्याकडे आला, तो वाद्यवृंद कसा असतो, त्यात कोण कुठे बसतो, हे आपल्या मुलांना क्वचितच कुणी सांगते. आज त्या वाद्यवृंदाच्या सर्वांत मागच्या रांगेची, म्हणजे तालवाद्यांच्या विभागाची ओळख करून घेऊ. त्या रांगेत उभ्या राहिलेल्या एका बाईची हकीकतही सांगायची आहे. ती बाई अमेरिकेतील कृष्णवर्णीय होती. तिच्या वाट्याला जे आले ते आपल्याला अनोळखी वाटणार नाही.

मोठ्या वाद्यवृंदात ऐंशी ते शंभर वादक असतात. पुढे व्हायोलिन आणि त्याच्या कुळातली तंतुवाद्ये, मध्ये बासरी, क्लॅरिनेट वगैरे फुंकीची वाद्ये, त्यांच्या आसपास पितळी कर्णे आणि अगदी मागे तालवाद्ये. व्हायोलिन वाजवणारे तीसच्या वर असतात. तालवाले मोजून चार-पाच. पण व्हायोलिनच्या ताफ्यात एखाद्याचा हात चुकला तर तो झाकला जातो. तालवाल्याचा एक ठोका चुकला तर सबंध सभागृहाला कळते.

या विभागातले सर्वांत मानाचे वाद्य म्हणजे टिंपनी. आपल्या तबल्यातला डग्गा डोळ्यांपुढे आणा आणि तो अंघोळीच्या तांब्याच्या घंगाळाएवढा झाला आहे अशी कल्पना करा. अशी दोन, तीन, चार घंगाळे वादकाभोवती अर्धवर्तुळात मांडलेली असतात. त्यांचा व्यास साधारण २३ इंचांपासून ३२ इंचांपर्यंत असतो. हे वाद्य युरोपचे मूळचे नव्हे. अरबी आणि तुर्की फौजांत घोड्यावर बांधलेले जोड-नगारे असत. तेच पंधराव्या शतकात युरोपच्या दरबारांत पोहोचले. अरबी 'नक्कारा' या शब्दापासून आपला 'नगारा' झाला. म्हणजे जेजुरीच्या नगारखान्यातला नगारा आणि व्हिएन्नाच्या सभागृहातली टिंपनी ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

साध्या ढोलाचा नुसता ठोका ऐकू येतो. टिंपनीला नेमका स्वर असतो. कातडे ताणले की स्वर चढतो, सैल केले की उतरतो. पूर्वी कडेचे स्क्रू हाताने फिरवावे लागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पायाने दाबायचा पेडल आला. तरी कानाची जागा यंत्राने घेतली नाही. बाकीचे ऐंशी जण दुसऱ्याच स्वरात वाजवत असतात, त्या गदारोळात टिंपनीवाला कातड्याजवळ कान नेतो, बोटाने हलकेच टिचकी मारतो आणि पुढचा स्वर लावून ठेवतो. भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता, तो आपण विहारात ऐकलेला आहे. तार फार ताणू नये, फार सैल सोडू नये. टिंपनीच्या कातड्यालाही तोच नियम लागू आहे.

बेथोव्हेन या जर्मन संगीतकाराने १८०६ साली व्हायोलिनसाठी एक मोठी रचना केली. तिची सुरुवात व्हायोलिनने होत नाही. आधी टिंपनीचे हळुवार, एकसारखे ठोके येतात आणि मग बाकीची वाद्ये उठतात. ज्याचे नाव रचनेला आहे त्या व्हायोलिनला पुष्कळ वेळ थांबावे लागते. मागच्या रांगेतला माणूस आधी बोलतो.

टिंपनीच्या शेजारी असतो स्नेअर ड्रम. परेडच्या आणि संचलनाच्या बँडमध्ये गळ्यात अडकवून वाजवतात तोच हा कडकडीत ढोल. त्याच्या खालच्या बाजूला बारीक तारा ताणलेल्या असतात, त्यामुळे तो कडकड वाजतो. रावेल या फ्रेंच संगीतकाराची 'बोलेरो' ही रचना १९२८ साली प्रथम सादर झाली. तिच्यात स्नेअर ड्रमवाल्याला एकच लहानसा बोल १६९ वेळा वाजवावा लागतो. सुरुवात इतकी हलकी की श्वास रोखून ऐकावे, शेवट इतका जोराचा की छप्पर उडावे. या पंधरा-सोळा मिनिटांत गती वाढू द्यायची नाही आणि मोडूही द्यायची नाही. यंत्रमागावर पाळी भरलेल्या माणसाला या कामाची कल्पना सहज येईल.

मोठा बास ड्रम, झांजा आणि ट्रँगल ही तीन वाद्ये तुर्की फौजेच्या बँडची नक्कल करताना युरोपच्या वाद्यवृंदात आली. मोझार्टने १७८२ साली तुर्की वातावरणाच्या एका संगीतनाटकात ती वापरली, बेथोव्हेनने १८२४ साली आपल्या नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात वापरली, आणि पुढे ती वाद्यवृंदात कायमची रुजली. झांजा म्हणजे तांबे आणि कथील यांचे मिश्रण, आपले कासेच. इस्तंबूलमधील झिल्जियान या अर्मेनियन कुटुंबाने १६२३ साली झांजांचा कारखाना घातला. त्या घराण्याच्या नावाचा अर्थच 'झांजा करणारे' असा आहे. आज त्यांचा कारखाना अमेरिकेत आहे आणि जगभरचे वादक त्यांच्या झांजा नावाने मागतात. कारागिराच्या धंद्याचे नाव तिथे प्रतिष्ठेचे झाले. आपल्याकडे धंद्यावरून पडलेल्या नावांचे काय झाले, ते सांगायला नको.

ट्रँगल म्हणजे पोलादाची त्रिकोणी वाकवलेली सळई. दोऱ्याला टांगायची आणि लहान कांडीने वाजवायची. 'नगारखान्यात टिमकीचा आवाज कोण ऐकणार' अशी आपल्याकडे म्हण आहे. ट्रँगलने ती खोटी ठरवली. शंभर वाद्यांचा कल्लोळ चालू असताना त्याचा किणकिण आवाज वेगळा ऐकू येतो, कारण तो सर्वांहून बारीक आणि स्वच्छ असतो. लिस्ट या संगीतकाराने आपल्या पहिल्या पियानो-कॉन्चेर्टोमध्ये ट्रँगलला ठळक जागा दिली. ती रचना १८५५ साली प्रथम सादर झाली. हान्स्लिक नावाच्या व्हिएन्नाच्या बड्या समीक्षकाने ती ट्रँगलचीच रचना म्हणून थट्टेवारी नेली. रचना आजही वाजते आणि ट्रँगलही वाजतो.

याशिवाय लाकडी पट्ट्यांचा झायलोफोन, पूर्वेकडून गेलेली मोठी काशाची थाळी म्हणजे टॅम-टॅम, खंजिरीसारखी टँबोरीन अशी कितीतरी वाद्ये या रांगेत असतात. टिंपनीला बहुधा वेगळा वादक असतो. बाकीच्या तीन-चार जणांना ही सगळी वाद्ये यावी लागतात.

पण या विभागाचे खरे अवघड काम म्हणजे गप्प राहणे. द्वोर्झाक या बोहेमियाच्या संगीतकाराची 'नव्या जगाची' सिंफनी १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम वाजली. साधारण चाळीस मिनिटांच्या त्या रचनेत झांजेचा ठोका फक्त एकदा येतो, शेवटच्या भागात, आणि तोही फार जोराचा नाही. तेवढ्या एका ठोक्यासाठी वादकाला प्रत्येक आवर्तन मनात मोजत राहावे लागते. मोजणी चुकली की तो ठोका हुकला. वाजवणे दोन क्षणांचे आणि लक्ष चाळीस मिनिटांचे. याला शिस्त म्हणतात. ही शिस्त रक्तात घेऊन कुणी जन्माला येत नाही.

आता मानापमानाची गोष्ट पाहू. टिंपनीवर परंपरेने वासराचे कातडे चढवत. प्लॅस्टिकची पाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि आजही काही वादक कातडेच पसंत करतात. जनावराच्या कातड्याचे हे वाद्य जर्मन मुलखात इतके मानाचे होते की १६२३ साली सम्राट दुसरा फर्डिनांड याने कर्णेवाल्यांच्या आणि नगारेवाल्यांच्या संघाला खास सनद दिली. ऐऱ्यागैऱ्या वादकाला ते नगारे वाजवण्याची मुभा राहिली नाही, इतकी त्यांची प्रतिष्ठा.

आपल्या देशात त्याच कातड्याने माणसे बाटली! तमिळनाडूत 'पराई' नावाचा चपटा ढोल आहे. त्याच्या नावावरून 'परैयर' ही जात ओळखली गेली आणि त्या शब्दावरून इंग्रजीत बहिष्कृत माणसाला 'पारिया' म्हणू लागले. ढोलाचे नाव साऱ्या जगात शिवी म्हणून फिरले. त्याच तमिळनाडूत मृदंगम् हे शास्त्रीय संगीताचे प्रतिष्ठित वाद्य आहे. त्याला गाय, म्हैस आणि बकरी यांचे कातडे लागते. ते कमावून वाद्य घडवणारे बहुतेक कारागीर दलित ख्रिस्ती, आणि वाजवून नाव मिळवणारे बहुतेक ब्राह्मण. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली या कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले, तेव्हा चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने प्रकाशन समारंभासाठी दिलेली सभागृहाची परवानगी मागे घेतली.

महाराष्ट्रात हलगी, डफ, कोकणातला खालूबाजा हे सारे मातंग, होलार, महार बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवले. लग्न गावाचे, जत्रा गावाची, मान पाटलाचा, आणि वाजवणारा उन्हात, वेशीबाहेर. कातडे तेच, ठोका तोच. जर्मनीत त्याला सनद मिळाली आणि इथे विटाळ चिकटला. म्हणजे दोष कातड्यात नव्हता. माणसांनी लिहिलेल्या नियमांत होता.

आता त्या बाईची हकीकत. इलेन जोन्स यांचा जन्म १९२८ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत झाला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते या हार्लेमला लागूनच आहे. इलेनचे आईवडील बार्बाडोस बेटावरून पोटासाठी आलेले. आई लोकांच्या घरची साफसफाई करी. पण तिला पियानो येत होता, आणि तिने लेकीला लहानपणीच पियानोवर बसवले.

शाळेत इलेनला खरे तर व्हायोलिन वाजवायचे होते. तिच्या हाती ढोलाच्या काड्या आल्या. त्यामागचे कारण त्यांना पुष्कळ वर्षांनी उमगले: काळ्या लोकांच्या अंगातच ताल असतो, असे सगळ्यांनी धरून चालले होते. वाचकहो, हे वाक्य नीट ऐका. वरून कौतुक, आतून कुंपण. 'तुमच्या लोकांना गाणे-बजावणे छान जमते हो' असे आपल्याला म्हणणाऱ्यांचा सूरही हाच असतो. त्याचा न बोललेला अर्धा भाग असा की बाकीचे तुम्हाला जमायचे नाही, आणि जे जमते त्यात तुमची मेहनत नाही.

इलेनने त्या काड्या टाकल्या नाहीत. संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळवून ती १९४५ साली ज्युलियार्ड या नामांकित संगीतशाळेत गेली. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे टिंपनीवादक सॉल गुडमन हे तिचे गुरू. स्वर लावायचा कसा, मनगट सैल ठेवायचे कसे, शंभर आवर्तने गप्प राहून मोजायची कशी, हे सारे ती शिकली. १९४९ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेराच्या वाद्यवृंदात तिला नोकरी मिळाली.

त्या काळी बड्या वाद्यवृंदांची दारे काळ्या वादकांना जवळजवळ बंदच होती. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची स्थापना १८४२ ची. तिथे पहिला कायम कृष्णवर्णीय वादक आला १९६२ साली, म्हणजे १२० वर्षांनी. 'लायक उमेदवार मिळत नाहीत' हे ठरलेले उत्तर. हे उत्तर आपल्या सुशिक्षित मुलांनीही किती कचेऱ्यांत ऐकले आहे! शेवटी इलेन जोन्स आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली काळ्या-गोऱ्या वादकांचा 'सिंफनी ऑफ द न्यू वर्ल्ड' हा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. १९६९ साली दोन कृष्णवर्णीय वादकांनी फिलहार्मोनिकविरुद्ध न्यूयॉर्कच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्हाला पडद्याआड बसवा आणि मग ऐका. दिसू नका म्हणाल तर दिसणार नाही, पण ऐका तरी.

पुढे पडद्याआड चाचणी घेण्याची पद्धत अमेरिकेत हळूहळू पसरली. उमेदवार पडद्यामागे वाजवतो, परीक्षकांना फक्त आवाज ऐकू येतो. रंग कळत नाही, बाई की पुरुष तेही कळत नाही. १९७२ साली सॅन फ्रान्सिस्को सिंफनीच्या टिंपनीवादकाच्या जागेसाठी अशीच पडद्याआड चाचणी झाली. निवड झाली इलेन जोन्स यांची. अमेरिकेतल्या बड्या वाद्यवृंदात एखाद्या विभागाची प्रमुख म्हणून आलेली ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. वय ४४, तीन मुलांची आई. वृत्तपत्रांतल्या समीक्षकांनी त्यांच्या वादनाची तारीफ केली.

गोष्ट इथे संपली असती तर तिला गोड गोष्ट म्हटले असते. पण नोकरी कायम होण्याची वेळ १९७४ साली आली, आणि तो निर्णय वाद्यवृंदातल्याच वादकांच्या समितीने द्यायचा होता. आता मध्ये पडदा नव्हता. समितीने त्यांना कायम केले नाही. त्यांनी दावा लावला. १९७५ साली पुन्हा मतदान झाले, पुन्हा नकार आला. न्यायालयातही निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही. पण त्या खचल्या नाहीत. त्याच शहरातील ऑपेराच्या वाद्यवृंदात १९९८ पर्यंत त्यांनी टिंपनी वाजवली. २०१९ साली त्यांचे आत्मचरित्र आले. नावाचा मराठीत अर्थ होतो, 'लहानशी बाई आणि मोठा ढोल'. २०२२ साली, ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या हकीकतीतून आपण काय घ्यायचे? पहिले हे की 'गुणवत्ता, गुणवत्ता' असा डांगोरा पिटणाऱ्यांना एक प्रश्न विचारावा: पडद्याआड जी गुणवत्ता सर्वांहून सरस ठरली, ती पडदा निघाल्यावर कुठे गेली? हात तोच, कान तोच, टिंपनी तीच. बदलली ती ऐकणाऱ्यांची नजर. पडद्याने दार उघडते, पण आत टिकून राहण्यासाठी पडदा पुरत नाही. तिथे निर्णय घेणाऱ्यांत आपली माणसे असावी लागतात. बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला तो याचसाठी. आपल्या मुलीला नोकरी लागली की आपण पेढे वाटतो. तिची बढती, तिचा गोपनीय अहवाल, तिला कायम करणारी समिती, इकडेही आपल्या संघटनांचे लक्ष असले पाहिजे.

दुसरी गोष्ट घरातली. धर्मांतरानंतर गावोगाव आपल्या लोकांनी गावकीची कामे टाकली, त्यात वाजवण्याचे कामही टाकले. ते योग्यच केले. हुकमावर, बिनमोलाने, वेशीबाहेर उभे राहून वाजवणे ही गुलामी होती. पण गुलामी टाकताना काही घरांत वाद्याचीही लाज शिरली. पोरगा डब्यावर ठेका धरू लागला की बाप ओरडतो, 'हेच करायचंय का तुला?' बापाचा राग कुठून येतो ते आपण जाणतो. तरी त्याने थोडे थांबून पाहावे. स्वतःच्या मर्जीने, शिकून, मोबदला ठरवून, मान राखून वाजवणे ही निराळी गोष्ट आहे. पराई वाजवणारे मदुराईचे वेलू आसान यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. ज्यांनी वाद्याची गुलामी झुगारली त्यांनाच वाद्याचा आनंद घेण्याचा पहिला हक्क आहे.

तिसरी गोष्ट मुलींची. औरंगाबादच्या बौद्ध लेण्यांत, सातव्या लेण्यात, एक शिल्प आहे. मध्ये नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या सहा स्त्रिया. मुलांना घेऊन लेणी पाहायला जाल तेव्हा त्या बायांचे हात दाखवा. ताल धरणे हे पुरुषाचे काम, असे त्या लेण्यातल्या कारागिरांना वाटले नव्हते. विहारात रविवारी मुलांना एकत्र बसवत असाल तर आधी टाळी देऊन आवर्तने मोजायला शिकवा. आठ मोजा, चार गप्प राहा, पुन्हा आठ मोजा. पैसा लागत नाही. गप्प राहूनही मोजणी चुकू न देणे हे ज्या मुलाला जमले, त्याला गणितही जमेल आणि ढोलकीही.

आणि कुणी शेजारी तुमच्या लेकराची पाठ थोपटून म्हणाला, 'यांच्या रक्तातच आहे हो,' तर हसून सांगा: रक्तात नाही दादा, रोज दोन तास बसते ती.